निवृत्तांच्या वसाहतीत राहायला जाताना दोन्ही मोटारी विकाव्यात का? गोल्फ कार्टविषयी मार्गदर्शन हवे

पारिजातक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझे यजमान ७२ वर्षांचे आहेत आणि मी ६८ वर्षांची आहे. अनेक वर्षे न्यू जर्सीत काढल्यानंतर आता फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ या निवृत्तांच्या वसाहतीत घर घेण्याचे आमचे जवळजवळ निश्चित झाले आहे. घराविषयी आमच्यात मतभेद नाही. तो आहे तो येण्याजाण्याच्या साधनाविषयी, आणि तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांचे किंवा अशा वसाहतींची माहिती असणाऱ्यांचे मत घेतल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ नये असे मला वाटते.

सध्या आमच्याकडे दोन मोटारी आहेत. यजमानांचे म्हणणे असे की दोन्ही विकून टाकाव्यात आणि एक चांगली गोल्फ कार्ट (गोल्फच्या मैदानावर वापरतात तशी छोटी, उघडी गाडी) घ्यावी, कारण तिथे किराणा, औषधे, वाचनालय, पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे संगीत हे सगळे कार्टने गाठता येते, मोटारीचा विमा आणि देखभाल यांचा खर्च वाचतो आणि पार्किंगची चिंता राहत नाही. त्यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे हे मला मान्य आहे. परंतु त्यांचा खरा मुद्दा निराळा आहे आणि माझी काळजीही तिथेच आहे. त्यांना काही वर्षांपासून काचबिंदू आहे. औषधाचे थेंब नियमित चालू आहेत आणि डॉक्टरांनी अद्याप गाडी चालवण्यास मनाई केलेली नाही. मात्र रात्रीची गाडी त्यांनी स्वतःहूनच सोडली आहे. फ्लोरिडात कार्ट चालवायला लायसन्स लागत नाही असे त्यांनी कुठेतरी वाचले, आणि तेव्हापासून ‘उद्या लायसन्स गेले तरी माझे अडणार नाही’ असे ते समाधानाने म्हणत असतात. हे ऐकून मला हायसे वाटायला हवे होते, पण तसे वाटत नाही.

मी रोज गाडी चालवते, पण गावातल्या गावात. आंतरराज्य महामार्गावर जायला मी घाबरते. त्यामुळे मोटार ठेवली तर लांबचे चालवणे माझ्यावर येणार, आणि न ठेवली तर विमानतळ, मोठे रुग्णालय, पावसाळी दिवस यांचे काय करायचे, हा प्रश्न आहे. मुलगा म्हणतो की उबर मागवत जा. ते किती दिवस आणि किती वेळा जमेल हे मला समजत नाही.

कायदा नेमका काय सांगतो, बॅटरीवरची कार्ट घ्यावी की पेट्रोलवरची, सुटीत येणाऱ्या १५ वर्षांच्या नातवाला ती चालवायला देता येईल का, आणि मुख्य म्हणजे दृष्टी कमी होत असलेल्या माणसाने कार्टवर विसंबणे कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दक्षिणायन

पारिजातकताई, नमस्कार. आम्ही उभयता इथेच राहतो, त्यामुळे जे रोज पाहतो ते लिहितो. दृष्टीच्या प्रश्नावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे कोणी बोलेल तर बरे. बाकीचे मी सांगतो.

सर्वप्रथम या वसाहतीचा आवाका लक्षात घ्यावा. ही एखादी बंदिस्त सोसायटी नाही. ती सम्टर, लेक आणि मॅरियन या तीन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) पसरली आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिच्या मुख्य भागाचीच लोकसंख्या ७९,००० च्या घरात होती. विस्तार दक्षिणेकडे अजून चालूच आहे. त्यामुळे ‘द व्हिलेजेसमध्ये कार्टने सगळे गाठता येते का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘या घरापासून काय काय गाठता येते’ असे विचारले तरच उपयोगाचे उत्तर मिळते. उत्तरेचा स्पॅनिश स्प्रिंग्ज चौक, मधला लेक सम्टर लँडिंग आणि दक्षिणेचा ब्राउनवुड यांपैकी तुम्ही कशाच्या जवळ आहात यावर तुमचा दिवस बराचसा ठरेल. कायद्याने गोल्फ कार्टचा कमाल वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. १० मैलांवरच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे कुठेही न थांबता अर्धा तास, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. फेब्रुवारीच्या सकाळी हा प्रवास अतिशय सुखाचा असतो. ऑगस्टच्या दुपारी तो तसा नसतो.

कार्टसाठी आखलेल्या मार्गांचे जाळे १०० मैलांच्या आसपास सांगितले जाते आणि ते खरोखर उत्तम आहे. महामार्गांखालून बोगदे आहेत, ४४१ क्रमांकाच्या महामार्गावरून कार्टसाठी पूल आहे. तथापि तीन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी चालवावे लागते हे बाहेरून येणाऱ्याला ठाऊक नसते. जुन्या उत्तर भागात अनेक ठिकाणी मोटारींच्याच रस्त्याच्या कडेला कार्टसाठी पट्टा आखलेला असतो. नंतरच्या भागांत मोठ्या रस्त्यांना समांतर असा स्वतंत्र मार्ग असतो, पण तो एकट्या कार्टचा नसतो, त्यावरून चालणारे आणि सायकलवाले देखील जात असतात. आणि घरांच्या गल्ल्यांमध्ये मोटारी व कार्ट एकाच रस्त्याने जातात. ‘कार्ट चालवणे म्हणजे बागेत फेरफटका’ ही समजूत या तिन्ही ठिकाणी चुकीची ठरते.

आता कायदा. तुमच्या यजमानांनी वाचलेले बरोबर आहे, पण अर्धे आहे. फ्लोरिडात २०२३ साली या विषयीचा कायदा बदलला. १८ वर्षे किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर गोल्फ कार्ट चालवताना शासनाने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ बाळगणे पुरेसे आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीकडे मात्र शिकाऊ किंवा पूर्ण वाहन परवाना असलाच पाहिजे. पूर्वी ही वयोमर्यादा नुसती १४ वर्षांची होती, आणि त्याच जुन्या समजुतीवर अजूनही पुष्कळ आजी-आजोबा नातवंडांच्या हाती किल्ली देतात. तुमच्या नातवाकडे शिकाऊ परवाना नसेल तर त्याला देऊ नये. यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली गोल्फ कार्टला मोटारीप्रमाणेच धोकादायक साधन मानले, त्यामुळे तुमच्या संमतीने दुसऱ्याने चालवलेल्या कार्टच्या अपघाताची आर्थिक जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येऊ शकते. इथे कार्टला विमा कायद्याने सक्तीचा नाही. तरीही स्वतंत्र विमा घेतल्याशिवाय एक दिवसही कार्ट बाहेर काढू नये असे मी आग्रहाने सांगेन. घराच्या विम्यात ती आपोआप येते असे गृहीत धरू नये.

वेग वाढवून देणारे अनेक जण भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. २० मैलांहून अधिक वेगाने जाऊ शकणारे वाहन कायद्याच्या दृष्टीने गोल्फ कार्ट राहत नाही, ते कमी वेगाच्या वाहनांच्या वर्गात जाते. त्या वर्गाचा कमाल वेग २५ मैलांपर्यंत असतो आणि त्यासाठी नोंदणी, नंबरप्लेट, विमा, सीटबेल्ट आणि वाहन परवाना हे सगळे लागते. या वाहनांना ३५ मैल किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यांवर मोटारींबरोबर जाता येते, हा त्यांचा फायदा आहे. पण लायसन्सशिवाय फिरता यावे हा ज्यांचा हेतू आहे त्यांच्या ते कामाचे नाही.

रात्रीसाठी हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि समोरची काच असलेलीच कार्ट घ्यावी. सूर्यास्तानंतर चालवायची तर राज्याच्या कायद्याप्रमाणे हे आवश्यक आहे, आणि चौकांत रोज संध्याकाळी संगीत असल्यामुळे परतायला अंधार होतोच.

दोन्ही मोटारी विकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक विकावी, एक ठेवावी. ट्रिपल ए (AAA) या मोटारचालकांच्या संस्थेच्या २०२४ च्या हिशेबानुसार नवी मोटार बाळगण्याचा वार्षिक खर्च १२,२९७ डॉलर येतो. त्यात किमतीतली घट आणि वर्षाला १५,००० मैलांचे चालवणे धरलेले आहे, त्यामुळे तुमच्या जुन्या, कमी चालणाऱ्या गाडीचा खर्च त्याच्यापेक्षा बराच कमी येईल. तरीही दुसरी गाडी काढल्याने होणारी बचत मोठी आहे. पहिली मात्र हवीच. ऑरलँडोचा विमानतळ, ओकाला किंवा गेन्सव्हिलचे विशेषज्ञ हे कार्टने गाठण्यासारखे नाहीत. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, आणि गाव सोडण्याची वेळ आलीच तर सर्वांना एकाच वेळी उबर मिळणार नाही. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस नित्याचा असतो. कार्टला प्लॅस्टिकचे पडदे लावले की पाऊस अडतो, वीज अडत नाही. चारही बाजूंनी धातूने बंद असलेल्या मोटारीत जे संरक्षण मिळते ते कार्टमध्ये मिळत नाही. आकाशात गडगडाट ऐकू आला की जवळच्या इमारतीत जाऊन थांबावे, घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नये.

ठेवलेली मोटार आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणावी. इथे कित्येकांची गाडी गॅरेजमध्ये उभी राहून बॅटरी उतरलेली असते, आणि ते कळते नेमके गरजेच्या दिवशी.

वाळवंट

मी ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या सन सिटीत राहतो. ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली आणि अशा प्रकारच्या मोठ्या वसाहतींत ती अगदी पहिल्यांपैकी समजली जाते. दक्षिणायन यांनी फ्लोरिडाचे नियम उत्तम सांगितले आहेत. हे नियम दुसऱ्या राज्यात जसेच्या तसे लागू होत नाहीत, एवढे मात्र इतर वाचकांसाठी नोंदवतो. आमच्याकडे सार्वजनिक रस्त्यावर कार्ट न्यायची असेल तर तिची नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे वाहन परवाना लागतो. त्यामुळे ‘लायसन्स गेले तर कार्ट आहेच’ हा विचार आमच्याकडे मुळातच कोणी करू शकत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

बॅटरी की पेट्रोल याविषयी माझे मत बॅटरीच्या बाजूने आहे. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण त्यांत ठरावीक काळाने शुद्ध केलेले पाणी भरावे लागते, वाकून पेशी तपासाव्या लागतात, आणि उष्ण हवेत त्यांचे आयुष्य घटते. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून गॅरेजमध्ये हवा खेळती हवी. लिथियमची बॅटरी सुरुवातीला महाग असते, परंतु ती हलकी असते, तिला पाणी लागत नाही आणि ती जास्त वर्षे टिकते. सत्तरीच्या माणसाला वाकून पाणी भरण्याचे काम किती दिवस जमणार आहे याचा विचार केला तर लिथियमची जादा किंमत मला रास्त वाटते. पेट्रोलच्या कार्टचा पल्ला मोठा असतो आणि द व्हिलेजेससारख्या लांबच लांब वसाहतीत पुष्कळ लोक तीच पसंत करतात हे मला ठाऊक आहे, पण तिचे तेल बदलणे, फिल्टर, आवाज आणि वास हे सगळे मागे लागते. तुमचा रोजचा फेरा १५-२० मैलांच्या आत असेल तर पेट्रोलची गरज पडत नाही, रात्री घरच्या साध्या सॉकेटला लावून ठेवले की काम भागते.

मोटारींच्या बाबतीत दक्षिणायन यांच्याशी मी थोडा असहमत आहे. एक मोटार लगेच विकावी असे ते म्हणतात. मी म्हणेन की पहिला उन्हाळा जाईपर्यंत दोन्ही ठेवाव्यात. हिवाळ्यात राहायला आलेल्या माणसाला वाटते की आपल्याला मोटार लागतच नाही. खरी गरज उन्हाळ्यात कळते, तेव्हा उष्णतेमुळे कार्ट भर दुपारी निरुपयोगी होते आणि डॉक्टरांच्या वेळा तर दुपारच्याच मिळतात. त्यानंतर जो निर्णय घ्याल तो अनुभवावर आधारलेला असेल.

सावली

पारिजातकताई, मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून काम केले आहे आणि वयस्कर लोकांच्या वाहनचालन क्षमतेचे मूल्यमापन हा त्या कामाचा एक भाग होता. तुमच्या यजमानांना मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी निष्कर्ष काढणार नाही. तुम्हाला हायसे का वाटत नाही, हे मात्र मला नीट समजते, आणि तुमची शंका रास्त आहे.

काचबिंदूत बहुधा आधी कडेची दृष्टी जाते. समोरचे स्पष्ट दिसत राहते, अक्षरे वाचता येतात, त्यामुळे माणसाला स्वतःला उणीव जाणवत नाही. मेंदू रिकाम्या जागा आपल्या परीने भरून काढतो. डोळे तपासताना फलकावरची अक्षरे बरोबर वाचली म्हणजे सारे ठीक आहे असे यामुळेच म्हणता येत नाही. त्यासाठी दृष्टिक्षेत्राची वेगळी चाचणी असते आणि तिचा अलीकडचा अहवाल तुम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावा. आता दक्षिणायन यांनी वर्णन केलेला कार्टचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. बाजूने चालत येणारी माणसे, मागून कडेने पुढे जाणारी सायकल, राउंडअबाउटमध्ये डावीकडून शिरणारी मोटार, गॅरेजमधून मागे येणारी गाडी, हे सगळे कडेच्या दृष्टीतच प्रथम येते. महामार्गावर सगळी वाहने निदान एकाच दिशेने जात असतात. कार्टच्या वाटेवर तसे नसते. तेव्हा वेग कमी असल्यामुळे कमी दृष्टी चालून जाईल, हा तर्क टिकत नाही. ज्या डोळ्यांनी मोटार चालवू नये त्या डोळ्यांनी कार्टही चालवू नये. कायदा लायसन्स मागत नाही याचा अर्थ काम सोपे आहे असा होत नाही.

कार्टच्या रचनेविषयीही थोडे लिहिते. मोटारीत धडक बसली तर दार, पट्टा, एअरबॅग आपल्याला सांभाळतात. साध्या गोल्फ कार्टला दार नसते, बहुधा पट्टाही नसतो, आणि तिच्या बाबतीत धडकेइतकीच काळजी करावी ती खाली पडण्याची. चालक डावीकडे बसतो आणि त्याच्या हातात स्टिअरिंग असते. उजवीकडच्या प्रवाशाला धरायला आसनाच्या कडेची एक ठेंगणी दांडी असते. कार्ट वेगात डावीकडे वळली की प्रवासी उजवीकडे बाहेर फेकला जातो, आणि चालकाला ते वळण संपेपर्यंत कळतही नाही. म्हणजे यजमान चालवत असताना धोका अधिक तुम्हाला आहे. दुसरे असे की बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके घसरून कार्ट आडवी फिरू शकते, म्हणून बोगद्यात उतरताना आधीच वेग कमी करावा, मधेच दाबू नये. सीटबेल्ट बसवून घ्यावेत आणि ते खरोखर लावावेत. मागे तोंड करून बसायच्या आसनावर लहान मुलांना बसवू नये. कार्ट झटक्याने पुढे गेली की ती मुले सरळ रस्त्यावर पडतात. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्या मुलाला कार्टमध्ये घेऊच नये असे मला वाटते.

करण्यासारखी गोष्ट अशी. वाहनचालन पुनर्वसनाचे प्रमाणित तज्ज्ञ असतात. ते खोलीत बसून दृष्टी, प्रतिक्रियेचा वेग, मानेची हालचाल आणि लक्ष विभागण्याची क्षमता तपासतात, आणि नंतर दुहेरी ब्रेक असलेल्या गाडीत शेजारी बसून प्रत्यक्ष रस्त्यावर पाहतात. स्थलांतर करण्यापूर्वी तुम्ही दोघांनीही ही तपासणी करून घ्यावी. दोघांनीही असे मी मुद्दाम म्हणते, कारण एकट्या यजमानांना पाठवले तर ते त्यांना आरोपासारखे वाटेल, आणि तुमची महामार्गाची भीती हाही त्याच तज्ज्ञाच्या कामाचा विषय आहे. खर्च आधी विचारून घ्यावा. अहवाल नेहमी ‘बंद करा’ असाच येतो असे मुळीच नाही. पुष्कळदा दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, मोठे आरसे लावून चालवावे अशी मर्यादा घालून देतात, आणि अशा मर्यादेत माणूस कित्येक वर्षे सुरक्षित चालवतो.

यजमानांशी बोलताना लायसन्सचा विषय काढू नये असे मी सुचवेन. लायसन्स जाण्याची भीती ही मुळात स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता न येण्याची भीती असते. त्यांना रोज कुठे जावेसे वाटते ते विचारा, आणि ती ठिकाणे पायी, तुमच्या सोबत किंवा शेजाऱ्यांच्या सोबत कशी गाठता येतील हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. घर निवडताना हा विचार झाला तर पुढे त्यांना कोणाचे मिंधे व्हावे लागणार नाही.

पारिजातक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सावलीताई, आपले उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग दृष्टिक्षेत्राच्या चाचणीची तारीख त्यांनी स्वतः फोन करून घेतली. दोघांनीही रस्त्यावरची तपासणी करून घ्यायची, एक मोटार नक्की ठेवायची आणि दुसरीचा निर्णय पहिला उन्हाळा संपल्यावर घ्यायचा, इथपर्यंत आमचे एकमत झाले आहे. महामार्गावर चालवण्याचे शिक्षण मी घेणार आहे.

आता एकच विचारायचे आहे. पुढच्या महिन्यात आम्ही घरे पाहायला जाणार आहोत. आमच्या मनात दोन घरे आहेत, एक मोठे पण चौकापासून दूर आणि एक लहान पण जवळ. तिथे असताना आम्ही नेमके काय तपासावे? आणि उद्या दोघांनाही चालवता आले नाही तर तिथे कोणती सोय आहे?

दक्षिणायन

पारिजातकताई, तुम्ही जे ठरवले आहे ते वाचून आनंद झाला. वाळवंट यांचा पहिल्या उन्हाळ्याचा मुद्दा मला पटला. माझे मत मी तेवढ्यापुरते बदलतो.

इथे कार्ट भाड्याने मिळते. आल्यावर ती घ्यावी आणि दोन्ही घरांपासून चार ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे: किराण्याचे दुकान, औषधांचे दुकान, तुम्ही ज्या दवाखान्यात नाव नोंदवणार तो दवाखाना आणि संध्याकाळचा चौक. ताईंनी स्वतः चालवावे आणि यजमानांनी शेजारी बसून पाहावे. नकाशावरचे अंतर पाहून समाधान मानू नये, कारण मोटारीचा रस्ता दोन मैलांचा असला तरी कार्टचा मार्ग बोगद्याकडे वळसा घालून जात असेल तर अंतर बरेच वाढते. मार्गात किती राउंडअबाउट लागतात, कुठे मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागते आणि कोणता तुकडा अंधारा आहे हे टिपून ठेवावे. चौकाची फेरी एकदा उजेडात आणि एकदा दिवे लागल्यावर करावी. त्याच दिवशी तेच चार फेरे मोटारीने करून पाहिले तर तुलना चांगली होईल.

घरात कार्टसाठी वेगळे लहान गॅरेज आहे का ते पाहावे. इथल्या बऱ्याच घरांना ते असते. त्यात विजेचे सॉकेट आहे का आणि कार्टमधून उतरून घरात शिरताना पायऱ्या लागतात का हेही पाहावे. पिशव्या हातात घेऊन दोन पायऱ्या चढणे आज किरकोळ वाटते, गुडघे दुखू लागले की वाटत नाही.

दोघांनाही चालवता येईनासे झाले तर उबर आणि लिफ्ट (Lyft) या दोन्ही टॅक्सीसेवा इथे मिळतात, पण पहाटेच्या विमानासाठी त्यांच्या भरवशावर राहू नये, आदल्या दिवशी ओळखीची गाडी ठरवावी. सम्टर काउंटीची आधी नोंदवून बोलावण्याची वाहतूक सेवा आहे. तुम्ही पाहत असलेले घर सम्टरमध्ये आहे की लेक वा मॅरियनमध्ये हे आधी विचारून घ्यावे, कारण सेवा काउंटीप्रमाणे बदलतात. शेजारी एकमेकांना नेआण करतात ही इथली खरोखर चांगली बाब आहे, आणि तिचा लाभ ज्यांची पहिल्या वर्षीच ओळख होते त्यांना अधिक मिळतो.

चालत पाच-दहा मिनिटांत पोहण्याचा तलाव आणि टपालपेट्यांची जागा येत असेल तर मी तुमच्या ठिकाणी लहान घर निवडेन. दोन्ही घरांचे पत्ते ठरले की इथे नुसती गल्लीची दिशा आणि जवळचा चौक कळवावा, घर क्रमांक लिहू नये. तिथून कार्टचा मार्ग कसा जातो ते मी स्वतः जाऊन पाहून सांगेन.